कागदी धर्मबाप

सांता फे, १० डिसेंबर १८७३

किरीना,

पोचलो. चार दिवसांच्या रस्त्याला सहा दिवस लागले, कारण मी निवडून आलोय याचं खेचराला काही कौतुक नव्हतं. दोनदा मधेच बसलं. उठवायला सोबतच्या माणसांनी मला 'सभासद साहेब, तुम्हीच समजवा' म्हणून टोमणे मारले.

इथली विधानसभा तुला वाटते तशी नाही. छत मातीचंच आहे, आपल्या दुकानासारखं. काल एक जण मेंढ्यांवरच्या करावर बोलत होता तर वरून ढेकूळ सुटलं ते थेट त्याच्या डोक्यावर. त्याने केस झटकले आणि वाक्य पुरं केलं. मला माणूस आवडला, त्याच्याच शेजारी बसतो.

पहिल्या दिवशी बोलायला उभा राहिलो तर हात कुठे ठेवावेत ते कळेना. वीस वर्षं माझ्यात आणि समोरच्यात दुकानाची फळी होती. कापड मोजताना, साखर तोलताना काय वाट्टेल ते बोलत आलो. इथे पुढ्यात काही नाही. शेवटी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि सांगितलं की आमच्या गावी नदी वर्षातले दोन महिने गाव तोडते, पलीकडचा माणूस आजारी पडला तर आम्ही या काठावरून नुसते हात हलवतो, आम्हाला पूल हवा. चार जणांनी मान हलवली. मग कळलं की खोलीतले बाकीचेही आपापला पूलच घेऊन आलेत.

रविवार आणि सण सोडून चाळीस दिवसांचं अधिवेशन आहे. फेब्रुवारीच्या दोन तारखेला, मेणबत्त्यांच्या सणाला, घरी असेन. इथल्या खानावळीत घेवडा मिळतो, पण त्यात मिरची घालताना बाई कुणाची तरी परवानगी मागत असावी. सकाळी उठतो तर फळ्या उघडल्याचा आवाज नाही, तू कुणावर तरी ओरडल्याचा आवाज नाही. इतकी शांतता असली की मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

तुझा
कासिमिरो

---

व्हादो दे सान ब्लास, २३ डिसेंबर १८७३

माननीय सभासद कासिमिरो बाल्दोनादो साहेब,

पत्र पोचलं. मी ओरडत नाही, मोठ्याने सांगते. गिऱ्हाइकं बहिरी असतात याला मी काय करू?

दुकान चाललंय. म्हातारी पेत्रा छिटाचं कापड घ्यायला तीनदा आली आणि तीनदा तशीच गेली. म्हणते, "तुझा नवरा चार बोटं जास्त मोजतो. तो आला की घेईन." मी म्हटलं, "मावशी, तो आता अख्ख्या प्रांताला चार बोटं जास्त मोजून देणार आहे, तुमच्या वाट्याला काही उरत नाही." हसली, पण कापड घेतलं नाही.

व्हेंतुरा गाड्या घेऊन परवा आला. कॉफीची पोती भिजली नाहीत, एक खेचर लंगडतंय, आणि त्याच्या बायकोला, डेल्फिनाला, सहावं झालं, मुलगी. या वेळी बाप्तिस्म्याला पोर हातावर घेणारा धर्मबाप डेल्फिनाचा भाऊच होता, तुम्ही नव्हता म्हणून. व्हेंतुरा म्हणाला, "कोमाद्रे, कोंपाद्रेना सांगा, पुढच्या खेपेला सुटका नाही." त्यांच्या थोरल्याचा बाप्तिस्मा तुमच्या हातावर झालेला आहे, तेव्हा तुम्हाला कोंपाद्रे आणि मला कोमाद्रे, म्हणजे पोराच्या नात्याने भाऊ-बहीण, म्हणण्याचा त्याचा हक्कच आहे. बाकी अर्धं गाव तुम्हाला तसंच म्हणतं ते उधारीसाठी.

पिठाच्या खोलीवरचं छत गळतंय. बादली ठेवली आहे. तुम्ही आल्यावर बघायला हवं. माणूस लावला तर नीट करणार नाही.

सणाला या. मेणबत्त्या मी ठेवल्या आहेत.

किरीना

---

सांता फे, २८ जानेवारी १८७४

किरीना,

अधिवेशन संपलं. पुलाचा ठराव पास झाला. माझ्या शेजाऱ्याने, त्या ढेकूळवाल्याने, मला मिठी मारली.

आता नीट ऐक. ठराव म्हणजे पूल नव्हे हे मला काल संध्याकाळी कळलं. प्रांताकडे पूल बांधण्याची ऐपत नाही. ते सगळं वॉशिंग्टनहून यावं लागतं, आणि वॉशिंग्टनला आपला एकच माणूस असतो, प्रांताचा प्रतिनिधी. त्याने तिथे बोलायचं असतं. इथली मंडळी जेवायच्या टेबलावर माझ्याकडे बघून हसत होती. "बाल्दोनादो, दुकानदाराला नाही म्हणवत नाही. तूच उभा राहा."

मी हो म्हटलेलं नाही. विचार करतो म्हटलंय. त्यासाठी दोन-तीन माणसांना भेटायचंय, म्हणून सणाला यायला जमणार नाही. सतरा मार्चला नक्की. छताला हात लावू नकोस, मी बघेन.

कासिमिरो

---

व्हादो दे सान ब्लास, ११ ऑक्टोबर १८७४

साहेब,

हे पत्र कुठे गाठेल देव जाणे. मागच्या आठवड्यात तुम्ही दक्षिणेला होता असं ऐकलं, त्याआधी डोंगरात. आता निवडणुकीला महिना राहिला, म्हणजे प्रत्येक झोपडीत एकदा तरी शिरून आल्याशिवाय परतणार नाही तुम्ही.

उन्हाळ्यात चार महिने घरी होतात त्याबद्दल मी तक्रार करत नाही. चांगले होतात. पाहुण्यासारखे होतात. जेवताना 'छान झालंय' म्हणायला लागलात. अठरा वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, मीठ कमी असलं तर तेवढंच बोलायचात. दारावर घोडा थांबला की अर्धा घास टाकून उठायचात.

काल एक मेंढपाळ मीठ घ्यायला आला. मला बघून टोपी काढली आणि म्हणाला, "कोमाद्रे, नमस्कार." मी म्हटलं, "बाबा, मी तुला ओळखत नाही." तर तो म्हणतो, "तुमच्या मालकांनी माझ्या पोराला चर्चमध्ये हातावर घेतलं ना सप्टेंबरात. आता आपण नातेवाईक." त्यानेच सांगितलं की तुम्ही पाच आठवड्यांत अकरा पोरांचे धर्मबाप झालात. गावात गेलं की आधी पाद्रींकडे चौकशी, कुणाकडे बाळ आहे का.

कासिमिरो, एक प्रश्न विचारते. त्या अकरा पोरांची नावं सांगा.

मला पोर झालं नाही याचं दुःख मी तुम्हाला कधी दाखवलं नाही, तुम्हीही मला दाखवलं नाही. पण दुसऱ्याचं पोर हातावर घेणं ही आपल्यात साधी गोष्ट नाही. आईबाप गेले तर ते पोर आपलं असतं. तुम्ही हे मतं गोळा करायला वापरताय, असं मी म्हणत नाही. त्या मेंढपाळाला मीठ मात्र मी फुकट दिलं, नातेवाईक म्हणून.

म्हातारं खेचर आजारी आहे. एकदा येऊन बघून गेलात तर बरं.

किरीना

---

सांता फे, १९ नोव्हेंबर १८७४

किरीना,

निवडून आलो. तुला बातमी पत्राआधी पोचली असेल, व्हेंतुराने बंदुका उडवल्या असं ऐकलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आठ नावं आठवतात. उरलेली तीन मी वहीत लिहून ठेवली होती आणि ती वही खेचराच्या खोगिरातून कुठेतरी पडली. तू हसणार नाहीस हे मला माहीत आहे. मला वाईट वाटलं, इतकंच सांगतो. पण माणसं स्वतः पोर पुढे करत होती, आणि पोर पुढे केल्यावर मागे कसं सरकायचं ते मला येत नाही.

वॉशिंग्टनचं काम पुढच्या वर्षी डिसेंबरात सुरू होतं. म्हणजे मधलं अख्खं वर्ष मी तुझ्याजवळ. सहा डिसेंबरला घरी पोचतो. यंदा ख्रिसमसला मीठ कमी असलं तर मी सांगेन.

तुझा
कासिमिरो

---

व्हादो दे सान ब्लास, ९ जानेवारी १८७६

कासिमिरो,

तुम्ही वॉशिंग्टनला गेलात त्याला आज सात आठवडे झाले. तुमची दोन पत्रं आली, त्यांत तिथल्या रस्त्यांची रुंदी होती आणि घोड्याच्या ट्रामगाडीचं वर्णन होतं. ती मी दुकानात वाचून दाखवली, लोकांना आवडली. आता हे पत्र तुम्ही कुणाला वाचून दाखवू नका.

काल व्हेंतुरा आला. गाडी रिकामीच होती, तरी आला. टोपी हातात. मी म्हटलं, "काय कोंपाद्रे, चाक मोडलं का?"

"चाक धड आहे. आमच्याकडे सातवं येतंय. फेब्रुवारीत."

"मग आता भिंतीला भोक पाडून घर वाढवा."

तो हसला नाही. म्हणाला, "कोमाद्रे, डेल्फिनाचं आणि माझं बोलणं झालंय. सहा आहेत, देवाने दिलीत, सांभाळू. हे तुमच्या घरी वाढू दे. गावातच आहे, दिसत राहील. आम्ही आईबाप राहूच, पण लेकरू तुमचं."

मी पिठाच्या पोत्यावर बसले. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे ही काही नवलाई नाही. माझी मावशी अशीच दुसऱ्यांकडे वाढली आणि ती गेली तेव्हा चारही आईबाप रडले. पण आपल्याला कुणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. व्हेंतुरा पुढे म्हणाला, "एकच आहे. धर्मआईबाप तुम्ही दोघं. एरवी चर्चमधून पोर आणून आईबापाच्या दारात थांबतात, चार ओळी म्हणतात आणि हवाली करतात. तुम्ही थांबायचं नाही. आमच्या दारावरून सरळ तुमच्या घरी जायचं. पण दोघांनी. डेल्फिना खिडकीत असेल. दोघं जाताना दिसली की तिच्या जिवाला स्वस्थता. एकट्या बाईच्या हाती ती देणार नाही. खरं सांगतो, मीही देणार नाही."

मी म्हटलं, "ते येतील."

तुमच्या वतीने मी पहिल्यांदाच शब्द दिलाय. पाद्री आता ईस्टरलाच येणार. ईस्टरच्या सोमवारी, सतरा एप्रिलला बाप्तिस्मा. तोवर सुईण डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालेल, पोराचा जीव उघड्यावर राहणार नाही. तुम्हाला तीन महिने दिलेत. या.

तुमची
किरीना

---

वॉशिंग्टन, २४ जानेवारी १८७६

किरीना,

तुझं पत्र मी खानावळीच्या जिन्यात उभ्याने वाचलं, मग खोलीत जाऊन बसून वाचलं. मालकिणीने दार वाजवून विचारलं, घरी कुणी गेलं का. माझ्या तोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं की गेलं नाही, येतंय.

येईन. हे मी प्रतिनिधी म्हणून लिहीत नाही, तुझा नवरा म्हणून लिहितो. पाम रविवारी, नऊ एप्रिलला, घरी असेन. म्हणजे आठवडाभर हातावर उशी घेऊन सराव करता येईल. अकरा पोरं हातावर घेतली तरी प्रत्येक वेळी ती रडलीच.

इथलं काम बरं चाललंय. लोक विचारतात, तुमचा प्रांत कुठे, तुम्ही परदेशातून आलात का. एकाने तर माझी टोपी हातात घेऊन पाहिली. पुलाचं निवेदन दिलंय. त्याची तारीख लागली की मला बोलायला वेळ मिळेल. तारीख मार्चात लागेल असं सांगतात.

खाटेसाठी देवदार मागव. पाइन नको, त्याचा चीक सुटतो.

तुझा
कासिमिरो

---

व्हादो दे सान ब्लास, ३ मार्च १८७६

अहो,

मुलगा. वीस फेब्रुवारीला, दिवसाढवळ्या, अगदी शहाण्यासारखा. डोकं लांबट आहे, सुईण म्हणते गोल होईल. सुईणीने पाणी घातलं. नाव चर्चमध्ये ठेवायचं, म्हणून सध्या सगळे त्याला 'तो' म्हणतात.

मी रोज दुपारी जाते. डेल्फिना त्याला पाजते आणि माझ्या मांडीवर देते. ती चांगली आहे, हसून देते. तो माझं बोट धरतो आणि सोडत नाही, तुम्ही उधारी मागायला आलेल्या माणसाला धरून ठेवायचात तसा.

खाट झाली. देवदाराची. आपल्या पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवली आहे, म्हणजे तुमच्या बाजूला, कारण तुमची झोप हलकी. पुन्हा उचलून माझ्या बाजूला आणली. मग परत तुमच्या बाजूला नेली. दुकानात लोक विचारतात, आतून कसला आवाज येतो.

पेत्रा मावशी आली होती. म्हणाली, "पोरगा घरात आला की तुझा आवाज खाली येईल." मी म्हटलं, "बघूच." ती म्हणाली, "आणि तुझा नवरा नक्की येणार ना?" तिला मी दोन गजांऐवजी अडीच गज कापड दिलं आणि वाटेला लावलं.

येताना वाटेत कुठे उतरू नका. कुणी बाळ पुढे केलं तरी नको.

किरीना

---

वॉशिंग्टन, २ एप्रिल १८७६

किरीना,

सामान बांधून झालं होतं, उद्याच्या गाडीने निघणार होतो; पाम रविवार हुकला असता, पण सतरा तारीख गाठली असती. आज दुपारी निरोप आला. पुलाला तारीख लागली. अठरा एप्रिल, मंगळवार. मला दहा मिनिटं.

मी त्यांना म्हटलं, पुढचा आठवडा द्या. तिथल्या कारकुनाने कागदावरून डोकंही वर केलं नाही. म्हणाला, अठरा नाहीतर पुढचं अधिवेशन. किरीना, याच दहा मिनिटांसाठी मी गेल्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा तुझ्यापासून लांब राहिलो. आता नाही बोललो तर ती दोन वर्षं कशासाठी होती ते मला तुला सांगता येणार नाही.

मी सगळी व्यवस्था केली आहे. सोबत एक कागद आहे. वकिलाकडून करून घेतलाय, खाली मोहोर आहे, लाल. त्यात लिहिलंय की बाप्तिस्म्याला माझ्या जागी न्यायाधीश नेपोमुसेनो उभे राहतील आणि धर्मबाप मीच असेन. पाद्रींना हे चालतं, इथल्या एका पाद्रींना विचारून घेतलंय. कायद्याने हे मी स्वतः असल्यासारखंच आहे. नेपोमुसेनोंना वेगळं लिहिलंय, ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

व्हेंतुराला समजावून सांग. त्याचं मन मोठं आहे. त्याच्याच गाड्या त्या पुलावरून जाणार आहेत.

नाव त्या दिवशीच्या संताचं ठेवा. मी पाहिलं, आनिसेतो निघतं. मला आवडलं.

मी ऑगस्टच्या दहा तारखेला येतो. चार महिन्यांनी पोर हसायला लागलेलं असेल. रागावू नकोस.

कासिमिरो

---

वॉशिंग्टन, २० एप्रिल १८७६

किरीना,

अजून तुझं पत्र नाही. पोराच्या गडबडीत असशील, मला समजतं.

आज तो तीन दिवस आपल्या घरी राहिलेला असेल. झोपतो का? खाट शेवटी कुणाच्या बाजूला? मी इथे संध्याकाळी चालत गेलो आणि एका दुकानात लहान मुलाची ढकलगाडी पाहिली, चार चाकांची, वरती छत्री. आपल्या गावच्या रस्त्यावर ती दहा पावलं जाणार नाही हे मला माहीत आहे. तरी विकत घेतली. खोलीत उभी केली आहे. मालकीण तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

अठरा तारखेचं सांगतो, कारण तुला खोटं लिहून लिहून मला कंटाळा आलाय. दालनात नऊ माणसं होती. दोघं जेवत होते. माझं भाषण दुभाष्याने वाचलं, मी शेजारी उभा होतो. सहाव्या मिनिटाला अध्यक्षांनी त्याला थांबवलं आणि निवेदन समितीकडे पाठवलं. डिसेंबरात पुन्हा बघू म्हणाले. मला मत देता येत नाही, प्रांताच्या प्रतिनिधीला तो हक्कच नसतो. हे तुला इतके दिवस लिहिलं नव्हतं. तुला वाटायचं की मी इथे हात वर करतो. मी हात वर करत नाही, मी खुर्चीवर बसतो.

तरी निराश नाही. तू आणि तो घरी आहात हे मनात आलं की मी सरळ चालतो. ऑगस्ट दहा. गाडी सोबत आणेन.

आनिसेतोला माझ्याकडून पापा दे.

तुझा
कासिमिरो

---

व्हादो दे सान ब्लास, ९ मे १८७६

कासिमिरो,

तुमचं वीस तारखेचं पत्र आलं, आणि त्यामागून 'उत्तर का नाही' असं विचारणारंही आलं. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

बाप्तिस्मा सतरा तारखेला झाला. न्यायाधीश नेपोमुसेनो वेळेवर आले, बूट चकचकीत. पाद्रींनी तुमचा कागद दोनदा वाचला आणि बरोबर आहे म्हणाले. न्यायाधीशांनी एका हातात कागद धरला होता, मोहोर सगळ्यांना दिसावी म्हणून, त्यामुळे त्यांना पोर एकाच हाताने धरावं लागलं. ते घसरायला लागलं तेव्हा मी घेतलं. नाव आनिसेतो ठेवलं. दारात न्यायाधीशांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, नोव्हेंबरच्या निवडणुकीची आठवण करून दिली आणि घोड्यावर बसून गेले. त्यांचं काम तेवढंच होतं. ते तुमच्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

मी एकटीच निघाले. चर्चपासून व्हेंतुराचं घर आधी लागतं, आपलं पुढे, नदीकडे. तो दारात उभा होता, धुतलेला सदरा घालून. मागे खिडकीत डेल्फिना. मी तिच्याकडे बघितलं नाही. व्हेंतुराने माझ्या मागे रस्त्यावर बघितलं.

"कोंपाद्रे?"

"वॉशिंग्टनला आहेत. कागद पाठवलाय."

त्याला वाचता येत नाही. त्याने कागद घेतला, फिरवून बघितला, मोहोरेवरून अंगठा फिरवला. मग जशा घड्या होत्या तशाच घालून मला परत दिला. "छान कागद आहे," म्हणाला. टोमणा नव्हता. मग म्हणाला, "कोमाद्रे, मी शब्द दिलाय. तुम्हाला पुढे जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही."

खरंच अडवलं नसतं त्याने. रस्ता मोकळा होता आणि पोर माझ्या हातात होतं, उबदार. दहा पावलांत आमचं झालं असतं. मी पाच चालले. ती पाच पावलं मी कुणाला सांगितलेली नाहीत, तुम्हाला सांगते.

मग मला दिसलं की मी त्याला कुठे घेऊन चालले आहे. मी फळीमागे असताना तो पिठाच्या खोलीत पडून राहणार. घोडा थांबल्याचा आवाज आला की मी दाराकडे बघणार, आणि मला बघून तोही बघायला शिकणार. वर्षभरात मी त्याला सगळ्यात आधी वाट बघायला शिकवलं असतं. दुसरं मला काही येत नाही आता.

मी वळले. दारात उभी राहून चार ओळी म्हटल्या. चर्चमध्ये नेलं तेव्हा तुमचं होतं, पाणी लागून आलं तेव्हाही तुमचंच आहे, घ्या कोंपाद्रे, घ्या कोमाद्रे, धर्मआईच्या हातून लेकरू. शेवटची ओळ नीट आली नाही. डेल्फिना बाहेर धावत आली. कासिमिरो, ती बाई ज्या तऱ्हेने रडली त्यावरून मला कळलं की दोन महिने ती मला हसून देत होती ते किती जड होतं. मला तिचा राग आला नाही. आता दुपारी जाते तेव्हा ती हसत नाही, नुसती देते. ते मला जास्त बरं वाटतं.

खाटेत मी कॉफीची पाकिटं ठेवली आहेत. ढकलगाडी विका.

तुम्ही खरं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. नऊ माणसांसमोर तुम्ही उभे होतात आणि तुमचे शब्द दुसराच कुणी वाचत होता. मला तिथे यायला हवं होतं. मी शेवटच्या ओळीत बसून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं असतं की जेवण बाजूला ठेवा. तुमची खानावळ, तुमची खुर्ची, तुमची सहा मिनिटं, सगळं मला आधी का सांगितलं नाहीत? मी हसले नसते.

आता माझं खरं. आजवर दर पत्रात मी तुम्हाला बोलवायला काहीतरी पुढे केलं. घराचं काहीतरी, जनावराचं काहीतरी, शेवटी एक पोर. प्रत्येक वेळी तुमच्याकडे त्याहून मोठं कारण निघालं, आणि मला वाटायचं, माझंच कारण लहान पडलं. पुढच्या वेळी मोठं शोधू.

आता माझ्याकडे एकही नाही. दुकान ठीक आहे, छत ठीक आहे, गावात कुणी आजारी नाही. मला तुम्ही हवे आहात. जेवताना समोर, रात्री शेजारी, दुकानात मधे मधे करणारे. बायकोने असं लिहू नये असं मला शिकवलं होतं, म्हणून इतकं लिहायला मला एकवीस वर्षं लागली. उत्तरात तारीख कळवू नका. निघा.

किरीना